आरसाकाकांची आई

आमच्या स्कूलबसमधला आतला आरसा मागच्या गाड्या बघायला नाहीये, आम्हाला बघायला आहे. कोणी खिडकीतून हात बाहेर काढला, कोणी दुसऱ्याच्या डब्यात हात घातला, तरी ड्रायव्हरकाका मान वळवत नाहीत की ओरडत नाहीत. आरशात फक्त डोळे वर करतात. हात आपोआप आत येतो. म्हणून त्यांचं नाव आरसाकाका. आरशाची पट्टी इतकी अरुंद आहे की मागून त्यांचं नाक दिसत नाही, मिशी दिसत नाही, फक्त दोन डोळे दिसतात. आणि त्या दोन डोळ्यांनी माझी अशी काही पाचावर धारण बसवली की पोट दुखतंय, वही राहिली, मला चालायला आवडतं अशा थापा मारत मी पायी शाळेत जायला लागले. मी! जिनं यंदा घाबरणं सोडून दिलं होतं!

खरंच सोडलं होतं. यंदा मी केस कानापर्यंत कापले, वक्तृत्व स्पर्धेत एकदाही ततपप न करता बोलले आणि आत्याच्या फोटो स्टुडिओत बसून फोटो एडिटिंग शिकायला लागले. आत्या लग्नाचे अल्बम करते. तिचा जुना कॉम्प्युटर तिनं मला दिला, त्यातल्या सॉफ्टवेअरसकट.

ते सॉफ्टवेअर म्हणजे एक खडूस बाई आहे. ब्रश घेऊन घासघास घासा, रंग उमटणार नाही. का? तर म्हणे तुम्ही दुसऱ्याच लेयरवर आहात. लेयर बदला, तर त्याला कुलूप. कुलूप काढा, तर फोटोभोवती मुंग्यांची रांग पळायला लागते आणि त्या रिंगणाबाहेर काही म्हणता काही होत नाही. मुंग्या घालवायला मी एक बटन दाबलं, तर मुंग्या राहिल्या आणि नवरदेव गेला. नवरी एकटीच कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उभी, आणि खांदाच नाही.

"अगं, लेयर म्हणजे काचा समज," आत्या सांगायची. "एकावर एक ठेवलेल्या. वरच्या काचेवर काहीही कर, खालचीला धक्का लागत नाही. सगळ्या मिळून एक चित्र दिसतं."

"हो हो, कळलं!"

कळलं काही नव्हतं. पण आत्याला गिऱ्हाईक असायचं आणि मला लाज. स्क्रीनच्या कडेला तिनं चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावली होती, 'आधी कॉपी, मग कला.' मी ती रोज वाचायचे. इतकी रोज वाचायचे की मग ती दिसेनाशीच झाली.

एवढं मात्र जमलं. माझ्या मैत्रिणीच्या ओळखपत्राच्या फोटोवरची पुटकुळी मी पुसून दाखवली. ही मैत्रीण म्हणजे रेडिओ. आपण चालू करावा लागत नाही, आपला आपण चालू असतो. तिनं बसभर प्रक्षेपण केलं, आणि आमचा थांबा आला तेव्हा आरशातले डोळे माझ्यावर आले.

"काय गं, जुने फोटोपण नीट होतात म्हणे तुझ्याकडे?"

"काहीही होतं काका! द्या तर खरं, नवाकोरा करून देते."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सीटखालून एक जुना स्वेटर काढला. स्वेटरच्या आत फ्रेम. फोटोवर ओल चढली होती, पांढरट बुरा पसरला होता आणि त्यामागे एक बाई होती. चेहऱ्यावरून एक लांब चीर गेलेली.

"माझी आई," आरसाकाका म्हणाले. "मी एवढासा होतो तेव्हा गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही. म्हणजे आठवतो तो हाच, फोटोतला. आणि आता हाही दिसेनासा झालाय."

"याचा मोबाईलवर एखादा फोटो काढून ठेवलाय का?"

"भिंतीवरच तर असतो गं. फोटोचा फोटो कोण काढतं?" मग त्यांनी स्वेटरची बाही फ्रेमवर नीट बसवली. "घराला रंग दिलाय. नवीन भिंतीवर लावायचाय. सांभाळ हं. एवढीच आहे."

एवढीच आहे. फोटोबद्दल नाही म्हणाले, आईबद्दल म्हणाले. ते तेव्हा माझ्या कानांवरून नुसतं गेलं.

आत्या लग्नाच्या शूटिंगला बाहेरगावी गेली होती. स्टुडिओची किल्ली माझ्याकडे. मी ऐटीत शटर उघडलं, फ्रेम खोलली आणि काचेसकट फोटो स्कॅनरवर ठेवला. स्कॅन बरा आला, पण काचेवर एक चमक होती. म्हटलं, काच काढून पुन्हा करू. फोटो काचेला चिकटला होता. मी कोपरा धरून ओढला.

चर्र.

हातात कागद आला. साडीचा पदर होता, एक खांदा होता, खुर्चीची पाठ होती, आणि चेहऱ्याच्या जागी पांढरं. उगवणाऱ्या केसांसारखे कागदाचे बारीक धागे. काचेवर काहीतरी तपकिरी पापुद्रा राहिला होता, तो मला बघवेना. मी काच वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलाखाली सारली.  पण लगेच आठवलं, अगं, स्कॅन आहे ना आधीचा! चमकसुद्धा बाजूलाच आहे. काय बिघडलं?

मग मी कामाला लागले. ब्रशनं चीर बुजवायला गेले, तर गालाचा तुकडा कपाळावर. मागे घेतलं. पुन्हा गेले, तर नाकाला दुसरं नाक. मागे, मागे, मागे. बुरा पुसायला गेले तर भुवईच गेली. एक डोळा तर खराबच वाटत होता, चिरेच्या बाजूचा डावा, पापणी अर्धी खाली आलेली. म्हटलं, ओलीनं खाल्लाय. दुपार सरत आली, मान आखडली, आणि माझं सगळं शहाणपण त्या मुंग्यांच्या रांगेत फिरत बसलं. शेवटी वैतागून मी कोपऱ्यातलं एक बटन दाबलं, ज्याला मी कधी हात लावला नव्हता. 'चेहरा सुधारा.'

गोल फिरलं, फिरलं. आणि बाई स्वच्छ झाली.

बुरा नाही, चीर नाही. दोन टपोरे सारखे डोळे, तुळतुळीत गाल, ओठांवर किंचित हसू. मी खुर्चीतून उडीच मारली. सेव्ह केलं, बंद केलं, खिशात मावेल एवढी नमुन्याची एक प्रिंट काढली आणि शटर ओढून घरी आले. घरी आईला म्हटलंसुद्धा, "मला वाटतं, मला हे येतं."

सकाळी बसमध्ये चढतानाच मी प्रिंट पुढे केली. आरसाकाकांनी ती दोन्ही हातांनी घेतली.  मागून हॉर्न वाजले तरी बस हलेना.

"अशीच होती," ते म्हणाले. "अगदी अशीच."

रेडिओनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या बसनं. काकांनी फोटो समोरच्या काचेच्या वर, आरशाशेजारी खोचला. मी मागे जाऊन बसले, फुगलेली, आणि सहज वर पाहिलं.

आरशात त्यांचे डोळे होते. ओले. आणि डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली होती.

रोजच असते. रोज बघते मी ती. सगळी बस तिला घाबरते. पण आज तिच्या शेजारी टपोऱ्या डोळ्यांची ती बाई हसत होती. ओलीनं काही खाल्लं नव्हतं. तो डोळा तसाच होता. तो डोळा यांच्या घरचा होता, आणि तो मी पुसला होता.

मग ही कोण?

शाळेत काय शिकवलं देव जाणे. सुटल्यावर मी पळत स्टुडिओत गेले. फाईल उघडली. टपोरे डोळे. मागे घ्यायचं बटन दाबलं, ते करडं, मेलेलं. बंद केलेल्या फाईलला मागे जाता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी कॉपी शोधली, कचरापेटी शोधली, नाव बदलून शोधलं, तारखेनं शोधलं. सगळीकडून तीच बाई माझ्याकडे बघून हसत होती. जुन्या फोटोवरच मी नवा सेव्ह केला होता. समोर चिठ्ठी होती, 'आधी कॉपी, मग कला', आणि मला ती आज ठळक दिसत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. पण गणपतीचा मारुती झाला तरी तो मारुती तरी असतो. ही तर कोणीच नव्हती.

मी डोळा परत काढायला बसले. पापणी खाली ओढली, तर बाई दारू प्यायल्यासारखी दिसायला लागली. अजून ओढली, तर डोळा सोललेल्या बटाट्यासारखा. माझ्या आठवणीतून काढायचा म्हटलं, तर मी त्या बाईकडे नीट पाहिलंच कुठे होतं? मी बुरा पाहिला होता, चीर पाहिली होती. तिच्याकडे शेवटचं नीट कोणी पाहिलं असेल, तर ते ओल येण्याआधी, आरसाकाकांनीच.

आणि आरसाकाका रोज तिला बघत होते. सिग्नलला थांबले की मान वर. तिसरी-चौथीतली पोरं विचारायची, "काका, ही कोण?" आणि ते सांगायचे, "माझी आई." मग एके दिवशी ते म्हणाले, "हसायची बघ ती. मी विसरलोच होतो. कशी छान हसायची."

 फोटोतली बाई हसत नव्हती! मला तेवढं नक्की आठवत होतं. हसू त्या बटनानं दिलं होतं. आणि आता ते काकांच्या डोक्यात चाललं होतं, जुन्या आईवर नवी आई सेव्ह होत होती, रोज थोडी थोडी, माझ्या डोळ्यांदेखत, आणि तिथेही मागे घ्यायचं बटन नव्हतं.

त्या दिवसापासून मी पायी जायला लागले.

"तुला वेड लागलंय," रेडिओ म्हणाली. तिला सांगावंच लागलं, आणि कमाल म्हणजे ती बाहेर कुठे बोलली नाही. "त्यांना आवडलंय ना? आनंदात आहेत ना? मग गप्प बस की. तुझ्याशिवाय कोणाला कळणारे?"

"कोणालाच नाही."

"मग झालं तर!"

तेच तर. झालंच होतं. मी गप्प बसले असते तर जगात कोणालाही, कधीही कळलं नसतं की एक बाई होती आणि तिचा डावा डोळा बारीक होता. रेडिओला यात सुटका दिसत होती. मला रस्त्यानं चालताना दरदरून घाम फुटायचा.

आत्या येणार त्या दिवशी मी स्टुडिओ आवरायला गेले. खरं सांगायचं तर पुरावा लपवायला. टेबलाखालून वर्तमानपत्राची पुरचुंडी ओढली. वाटलं, काच गुपचूप कचऱ्यात टाकावी. पण कागद सुटला, आणि काच पडेल या भीतीनं मी ती दोन्ही हातांनी उचलून धरली. नेमकी खिडकीसमोर.

काचेतून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

मी किंचाळले. खरंच किंचाळले, शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला. मग धीर करून पुन्हा पाहिलं. तपकिरी पापुद्रा काचेला घट्ट धरून होता, आणि त्यात ती होती. कपाळ, चीर, दोन्ही डोळे. डावी पापणी अर्धी खाली. मिटलेले ओठ. फोटो फाटलाच नव्हता. तो दोन थरांत सुटला होता, चेहरा काचेवर आणि बाकीची बाई कागदावर.

मी टेबलावर कागद ठेवला. त्याच्यावर हळूच काच ठेवली आणि सरकवली, अजून थोडी, अजून थोडी. पदर पदराला लागला. मान खांद्यावर बसली.

एकावर एक ठेवलेल्या काचा. सगळ्या मिळून एक चित्र. अगं बाई! लेयर!

आत्या बॅग घेऊन दारात आली तेव्हा मी काचेवर हात धरून रडत होते आणि हसत होते. सगळं सांगितल्यावर ती आधी खाली बसली.

"चिकटलेला फोटो ओढायचा नसतो, काचेसकटच ठेवायचा असतो. हे मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "पण त्या चिठ्ठीचं काय गं? ती काय दृष्ट लागू नये म्हणून लावलीये मी?"

मी मान खाली घातली.

"ऊठ आता. कर तूच. मी नुसती बसते."

काच वेगळी स्कॅन केली, मागे पांढरा कागद ठेवून. कागद वेगळा. पहिली गोष्ट म्हणजे दोन्हींच्या कॉपी केल्या, आणि आत्या खोकली. मग एक लेयर खाली, एक वर. ब्रश उमटेना. मी लेयर पाहिला, बदलला, उमटला. मुंग्या आल्या, मी त्यांना आल्या तशा घालवलं. खडूस बाई पहिल्यांदाच माझं ऐकत होती, आणि मला त्याचा आनंद व्हायलासुद्धा फुरसत नव्हती. 

हनुवटीचा एक तुकडा कुठेच सापडला नाही. ना काचेवर, ना कागदावर. वर्तमानपत्रात भुगा झाला असणार.

"एवढं मी भरून देऊ?" आत्या म्हणाली. "मिनिटाचं काम आहे. कोणाला कळणार नाही."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली. "कोणाला कळत नाही, तेच तर आहे ना आत्या!"

तिथे आम्ही साधा राखाडी रंग सोडला.

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढले. आरशात डोळे वर झाले.

"काय कलाकार, चालून चालून पाय दुखले का?"

 परतीच्या वाटेवर सगळी पोरं उतरेपर्यंत बसून राहिले. रेडिओ उतरताना माझा दंड दाबून गेली. शेवटच्या थांब्यावर काकांनी इंजिन बंद केलं, आणि मी पाकीट पुढे केलं. सांगायचं सगळं पाठ करून आले होते, वक्तृत्वासारखं. त्यातलं "काका" एवढंच बाहेर आलं.

त्यांनी फोटो काढला. पाहिला. भुवया जवळ आल्या.

"ही कोण?"

 उशीर झाला, मला वाटलं. ओळखलीच नाही. सेव्ह झालं.

"ही हसत नाहीये. इथे काय झालंय, हनुवटीला? हा डोळा..." ते वरच्या फोटोकडे बघायला लागले, मग हातातल्याकडे. "नाही गं. ही कोणी दुसरीच आहे. तुझी गडबड झाली."

"नाही काका. गडबड ती आहे. मी केलेली."

"म्हणजे?"

 मी पुढे वाकले, तो आरसा, ज्याला सगळी बस घाबरते, तो हातानं धरला आणि उभा फिरवला, त्यांचा सगळा चेहरा त्यात येईपर्यंत. मग त्यांच्या हातातला फोटो वर उचलून त्यांच्या गालाशी धरला.

काकांनी आरशात पाहिलं. मीही पाहिलं. दोन डावे डोळे, एकाखाली एक, सारखेच अर्धे मिटलेले. सारखेच मिटलेले ओठ. 

"माझी बायको म्हणते," ते म्हणाले, "तुम्हाला सारखी झोप आल्यासारखी दिसते. बस कशी चालवता." त्यांनी एका बोटानं फोटोतली पापणी पुसल्यासारखी केली, मग आपली. "झोप नाहीये होय ही."

मग त्यांनी आरशाशेजारचा फोटो काढला. टपोऱ्या डोळ्यांचा. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मग ही कोण?"

"कोणीच नाही, काका. कॉम्प्युटरनं केली. अशी कोणी बाई नाहीये."

"मी बोलायचो गं हिच्याशी. सकाळी, बस काढताना. घरातलं सगळं सांगायचो."

बाहेर कोणीतरी शटर ओढलं. आम्ही दोघंही दचकलो. मला पहिल्यांदा कळलं की आरशातले ते डोळेही घाबरतात.

"फाडून टाक," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "माझ्याच्यानं नाही होणार. तूच केलीस, तूच फाड."

मी फोटो घेतला. मधोमध धरला. चकचकीत कागद चिवट असतो, लवकर फाटत नाही. मी जोर लावला तेव्हा चीर बरोबर चेहऱ्यावरून गेली, जशी त्या जुन्या फोटोत होती तशी. दोन्ही तुकड्यांत ती हसतच होती. मी तिचे अजून तुकडे केले, हसू दिसेनासं होईपर्यंत, आणि मूठ इतकी घट्ट आवळली की कडा टोचल्या.

काकांनी हनुवटी नसलेली आई समोर लावली. आरसा जागेवर फिरवला. बस सुरू केली.

"पुढे बस," ते म्हणाले. "घरी सोडतो. आणि उद्यापासून पायी गेलीस तर बघ."

मी पुढे बसले. वर पाहिलं नाही. घर येईपर्यंत तीन डोळ्यांची नजर मला जाणवत होती: त्यांचे दोन, आणि तो एक अर्धा मिटलेला.